दारापुढील चार्जर : एक लहान जोडधंदा

सकाळी नऊच्या सुमारास अकोल्याहून अकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर गांधीग्रामजवळ घटकाभर उभे राहिले, तर पूर्णा ओलांडून पलीकडे जाणाऱ्या दुचाक्यांची रांगच दृष्टीस पडते. शिक्षक, आरोग्यसेविका, बँकेतील कारकून, तलाठी असे नोकरदार लोक शहरात बिऱ्हाड ठेवून रोज खेड्याकडे ये-जा करीत असतात. ह्यालाच लोक ‘अप-डाऊन’ असे म्हणतात. ह्या रांगेत अलीकडे आवाज न करता जाणाऱ्या विजेच्या स्कूटरही दिसू लागल्या आहेत. अमरावतीहून दर्यापूर किंवा भातकुलीकडे जाणाऱ्या रस्त्यांवरही हेच चित्र आहे.

ह्या मंडळींची एक अडचण आहे, व ती समजून घेतल्याखेरीज पुढील विवेचनाचा काही उपयोग नाही. तीन युनिट वीज साठविणारी स्कूटर प्रत्यक्ष रस्त्यावर साधारणतः ऐंशी ते नव्वद किलोमीटर चालते. मागे दुसरा माणूस बसला, समोरून वारा असला किंवा बॅटरीला दोन-तीन वर्षे झाली, म्हणजे हे अंतर त्याहून कमी होते. अकोला ते अकोट हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर, आणि अमरावती ते दर्यापूर सुमारे ५०. म्हणजे जाणे निश्चिंतपणे होते. परंतु येतेवेळी काट्याकडे पाहत यावे लागते. गाडी मात्र दिवसाचे सहा तास शाळेच्या किंवा दवाखान्याच्या आवारात नुसती उभी असते. ह्या सहा तासांत तिला कोणी दोन युनिट वीज दिली, तर तिच्या मालकाची काळजी मिटते, आणि देणाऱ्यास चार पैसे मिळतात. घरच्या चार्जरचा जोडधंदा म्हणतात तो एवढाच आहे.

ही कल्पना नवी असली तरी तिची रीत खेड्याला अपरिचित नाही. ज्याच्या घरी पिठाची लहान गिरणी असते तो शेजाऱ्यांचे दळण दळून देतो. ज्याच्याजवळ पेरणीयंत्र असते तो आपली पेरणी आटोपल्यावर दुसऱ्याच्या वावरात ते भाड्याने देतो. यंत्र आपल्या कामी दिवसातून थोडा वेळच येते. उरलेल्या वेळात ते इतरांच्या कामी यावे, हेच तत्त्व येथेही आहे. बंगळूर, पुणे अशा शहरांत किराणा दुकानदारांनी व घरमालकांनी आपल्या भिंतीवर चार्जिंगचे बोर्ड बसवून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांस खुले केले आहेत. इंग्लंडात तर शेजाऱ्याने शेजाऱ्याचा चार्जर ठरावीक दराने वापरावा अशी व्यवस्थाच निघाली आहे. आपल्याकडे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी असा खुलासा केला की, गाडी चार्ज करून देणे ही वीजविक्री नसून सेवा आहे, व म्हणून त्यास वीजविक्रीचा परवाना लागत नाही. तेव्हापासून ठरवून दिलेली सुरक्षिततेची मानके पाळणाऱ्या कोणाही व्यक्तीस हा व्यवसाय करता येतो.

गिऱ्हाईक कोण?

विक्रेते गावोगाव फिरून सांगतात ती गोष्ट मात्र वेगळी असते. समृद्धी महामार्ग धामणगाव, नांदगाव खंडेश्वर ह्या तालुक्यांतून गेला आहे. मूर्तिजापूरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ तर २०२२ च्या जून महिन्यात ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जगाच्या विक्रमांत नोंदला गेला. ह्या मार्गांवरून विजेच्या मोटारी जातात, म्हणून मार्गालगत घर असलेल्याने चार्जर बसविला की गाड्या आपोआप दाराशी येतील, असे चित्र रंगविण्यात येते. हे चित्र खोटे आहे असे नव्हे, पण ते घरच्या चार्जरचे चित्र नव्हे.

कारण सोपे आहे. घरातील सोळा अँपिअरच्या सॉकेटमधून फार तर ३.३ किलोवॅट वीज मिळते. मोटारीला तिच्यावर तासभर लावले तर सुमारे वीस किलोमीटर जाण्याइतकी वीज भरते. तीस युनिटांची बॅटरी पूर्ण भरावयास सारी रात्र लागते. नागपूरहून संभाजीनगरला निघालेला मनुष्य वाटेत दहा तास कोणाच्या अंगणात बसणार नाही. त्याला अर्ध्या तासात काम उरकणारा जलद चार्जर पाहिजे, आणि त्या यंत्राचा, त्याच्या उच्च क्षमतेच्या जोडणीचा व जागेचा खर्च लाखांच्या घरात जातो. तो धंदा पेट्रोलपंपवाल्याच्या तोलाचा आहे. त्यासाठी शेतकऱ्याने शेत गहाण टाकू नये.

तेव्हा पाहावयाचे ते रस्त्यावरून किती गाड्या जातात हे नव्हे, तर किती गाड्या तासन् तास उभ्या राहतात हे. खेड्यात दिवसा उभी राहते ती नोकरदाराची स्कूटर. अमरावती-अकोला शहरांत रात्री उभी राहते ती ई-रिक्षा; तिचा चालक बहुधा अरुंद गल्लीत किंवा वरच्या मजल्यावर राहतो, त्यास गाडीपर्यंत दोर पोचविणेही शक्य नसते. शहराच्या कडेला ज्या शेतकऱ्याचे मोठे आवार आहे, त्याने रात्री चार रिक्षांना जागा व वीज दिली तर दोघांचीही सोय होते. तिसरे गिऱ्हाईक मेळघाटच्या पायथ्याशी व माथ्यावर मिळते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना मोटारीची बॅटरी सपाटीपेक्षा झपाट्याने उतरते, आणि पाहुणा तेथे रात्री मुक्कामाला असतो. ज्यांनी घरी पाहुण्यांच्या उतरण्याची व्यवस्था केली आहे, त्यांना घरचा साधा चार्जर पुरतो. सकाळी पाहुण्याची न्याहारी होईतो गाडीही तयार असते. येथे विजेच्या नफ्यापेक्षा अधिक महत्त्वाचे हे की, चार्जर आहे म्हणून पाहुणा त्या घरी उतरतो.

ह्यांपैकी एकही गिऱ्हाईक ज्या गावात नाही तेथे चार्जर बसविण्याची घाई करू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्याने आठ दिवस शाळा, दवाखाना, बँक व ग्रामपंचायत ह्यांच्या आवारात विजेच्या गाड्या किती येतात, हे नुसते मोजले तरी खरा अंदाज येतो. ह्या मोजणीस खर्च काही नाही.

कोणत्या मीटरवरून?

ह्या धंद्यात माणूस फसतो तो येथेच. शेतीपंपाची जोडणी समोर असते. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून राज्य शासनाच्या योजनेखाली मोफत वीज मिळते. तेव्हा तीच वीज गाड्यांना दिली तर सगळाच नफा, असा विचार कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ती वीज पाणी उपसण्यासाठी दिलेली असते. ज्या कामासाठी जोडणी मंजूर झाली त्याखेरीज अन्य कामासाठी वीज वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. अशा वापराची आकारणी लागू होणाऱ्या दराच्या दुप्पट दराने होते, आणि वापर कधीपासून चालू होता हे निश्चित करता आले नाही तर तपासणीपूर्वीच्या बारा महिन्यांची आकारणी करता येते. दिवसाला पन्नास रुपये मिळविण्याच्या नादात वर्षाच्या आकारणीचे ओझे डोक्यावर घेणे, आणि वर पंपाची जोडणी धोक्यात आणणे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. शिवाय शेतीच्या वाहिनीवर वीज पाळीने येते; सकाळी दहाला गाडी लावलेल्या मास्तरांना चार वाजता ती रिकामीच मिळाली, तर दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत. म्हणून चार्जर गावठाणातील घरी असावा, वावरातील घरी नसावा.

घरच्या मीटरची गोष्ट जरा निराळी आहे. स्वतःची गाडी स्वतःच्या घरी चार्ज करणाऱ्यास घरगुती दरच लागू होतो. त्याविषयी शंका नाही. दुसऱ्याच्या गाड्यांना पैसे घेऊन वीज दिली की ते चार्जिंग केंद्र होते, व राज्य वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात त्यासाठी वेगळा वर्ग आहे. घराच्या एका भागात चालणाऱ्या लहान व्यवसायास, महिन्याचा एकूण वापर ३०० युनिटांच्या आत व मागील वर्षाचा ३,६०० युनिटांच्या आत असल्यास, घरगुती दर लावण्याची तरतूद आयोगाने केलेली आहे. परंतु तिच्या भरवशावर चार्जर सुरू करण्यापूर्वी वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी ‘चालते’ हे तपासणीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

ह्यात आणखी एक मेख आहे, ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली १०० युनिटे स्वस्त, पुढील ३०० पर्यंतची महाग, आणि त्यापुढील त्याहून महाग. घरचे दिवे, पंखे व कूलर ह्यांनी खालचे टप्पे आधीच भरलेले असतात. म्हणून शेजाऱ्याला दिलेले प्रत्येक युनिट हे वरच्या टप्प्यातले असते. बिलाची एकूण रक्कम एकूण युनिटांनी भागून येणारा दर हा आपला खर्च समजून जो भाव ठरवील, तो उन्हाळ्यात कूलर सुरू झाल्यावर पदरचे घालून गाड्या चार्ज करील. ह्या दृष्टीने वेगळा मीटर घेणे हेच शहाणपणाचे. ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. तीप्रमाणे गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा ग्राहकास हक्क आहे, आणि पूर्ण भरलेला अर्ज दिल्यावर ग्रामीण भागात पंधरा दिवसांत, तर डोंगराळ भागात तीस दिवसांत नवी जोडणी मिळावी अशी मुदत घालून देण्यात आली आहे.

हिशेब

समजा, एका गावात पाच नोकरदारांच्या स्कूटर रोज येतात व प्रत्येकीस दोन युनिट वीज लागते. महिन्याचे कामाचे दिवस चोवीस धरले तर २४० युनिटे होतात. वीज सर्व आकारांसह युनिटास १० रुपयांस पडली व १५ रुपयांस दिली, असे धरू. हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. प्रत्येकाने आपले बिल समोर ठेवून स्वतःचे आकडे घालावेत. महिन्यास १,२०० रुपये उरतात. मीटर, तारा, अर्थिंग, पेट्या व वरचे छप्पर ह्यांस २५,००० रुपये खर्च आला असेल, तर तो दोन वर्षांत निघतो. कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असतात व त्या महिन्यांत गिऱ्हाईक निम्म्यावर येते. हे उत्पन्न मोठे नाही. एका दुभत्या म्हशीइतकेही नाही. पण म्हशीसारखा चारा-पाण्याचा रोजचा त्रासही नाही, आणि घरातील गृहिणीस किंवा वृद्धास बसल्याजागी पाहता येण्याजोगे काम आहे. बचत गटाने मिळून केले तर भांडवलाचा भार विभागला जातो.

गिऱ्हाइकास १५ रुपये जड होतील काय? पेट्रोलच्या गाडीस ४५ किलोमीटरला साधारण एक लिटर पेट्रोल लागते, व त्यास शंभराहून अधिक रुपये पडतात. त्याच अंतराची वीज येथे ३० रुपयांत मिळते. तथापि त्याच्या घरी ती ह्याहून स्वस्त पडते हेही त्याला ठाऊक असते. म्हणून भाव वाढवीत गेल्यास तो येणे बंद करील. त्याच्या घरी नाही अशी एक गोष्ट मात्र येथे देता येते, ती म्हणजे सावली. मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावणे तिच्या आयुष्यास मारक असते. तिला अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्यावी लागते. निंबाखाली किंवा चांगल्या छपराखाली जागा असेल तर नुसत्या सावलीसाठी लोक गाडी आणून लावतात.

कापूस, पऱ्हाटी आणि अर्थिंग

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घरात दिवाळीपासून भाव वाढेपर्यंत कापूस भरून ठेवलेला असतो. अंगणात पऱ्हाटीचा ढीग, मागल्या बाजूस कडब्याची गंजी, पडवीत ढेपेची पोती. ह्या घरात एका सैल सॉकेटमधून सतत चार तास वीज ओढली गेली, तर काय होऊ शकते हे सांगण्याची आवश्यकता नाही. दिवा-पंख्यासाठी ओढलेल्या जुन्या बारीक तारेवर चार्जर कदापि लावू नये. मीटरपासून चार्जिंगच्या पेटीपर्यंत तांब्याची स्वतंत्र जाड तार, चार ते सहा चौरस मिलिमीटरची, परवानाधारक वायरमनकडून टाकून घ्यावी. प्रत्येक सॉकेटला वेगळा एमसीबी आणि सर्वांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. आरसीसीबी हे लहानसे यंत्र गळती होताच क्षणात वीज तोडते, व माणसाचा जीव वाचवते तो तोच. त्यात काटकसर करू नये. पाच स्कूटर एकदम लावल्या तर साडेतीन किलोवॅटचा भार येतो. तेवढा मंजूर भार अर्जात मागितलेला असला पाहिजे.

पेटी घराच्या बाहेरील भिंतीवर, पाऊस लागणार नाही अशी, आणि कापूस, कडबा व पऱ्हाटी ह्यांपासून दूर असावी. भिंतीच्या आतल्या बाजूस कापसाची खोली असेल तर भिंत बदलावी. फुगलेली, धक्का बसलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी घेऊन कोणी आला तर त्यास नम्रपणे नाही म्हणावे. बॅटरीने पेट घेतलाच तर आधी मुख्य कळ बंद करून माणसांना लांब न्यावे आणि अग्निशामक दलास कळवावे. गाडी वाचविण्यासाठी जवळ जाऊ नये. दुचाकी व तीनचाकीसाठी भारतीय मानक संस्थेने २०२१ मध्ये तीन किलोवॅटपर्यंतच्या लहान चार्जिंग पेटीचे मानक ठरविले आहे, ते आय. एस. १७०१७, भाग २२, विभाग १. पेटी घेताना हा क्रमांक पाहून घ्यावा. युनिटे दाखविणारा मीटर पेटीतच असला म्हणजे गिऱ्हाइकाशी वाद होत नाहीत.

अर्थिंगविषयी दोन गोष्टी ह्या भागापुरत्या विशेष आहेत. वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला हात-हात भेगा पडतात. भुईत पुरलेल्या अर्थिंगच्या सळईभोवतीची माती अशी सुटली की सळई पोकळीत उभी राहते, आणि कोरड्या मातीतून वीज नीट भुईत जात नाही. म्हणजे ज्या महिन्यात तारा सर्वांत अधिक तापतात, त्याच महिन्यात अर्थिंग सर्वांत कमकुवत असते. म्हणून सळईच्या खड्ड्यावर झाकण ठेवून मार्च ते जूनपर्यंत दर आठवड्यास त्यात बादलीभर पाणी ओतावे. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील खारपाणपट्ट्यात, दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट ह्या तालुक्यांतील गावी, अडचण उलट आहे. तेथील खारट ओलसर भुईतून वीज सहज वाहते, परंतु तोच खार साध्या लोखंडी सळईला थोड्या वर्षांत खाऊन टाकतो. वरून सांधा चकचकीत दिसतो आणि खाली सळई उरलेलीच नसते. ह्या पट्ट्यात तांब्याचा जाड लेप दिलेली सळई वापरावी, आणि दरवर्षी वायरमनकडून अर्थिंगचा रोध मोजून घेऊन तो आकडा तारखेसह पेटीच्या दारावर आतून लिहून ठेवावा. आकडा मागील वर्षापेक्षा एकदम चढलेला दिसला तर नवी सळई ठोकीपर्यंत गाड्या लावणे बंद ठेवावे. ही मोजणी मृगाच्या आधी करणे सोयीचे. त्याच दिवशी सॉकेटांचे स्क्रू घट्ट करून घेता येतात, छपराची गळती पाहता येते, आणि शाळा सुरू होण्याच्या दिवशी पेटी तयार असते.